बाटलीविना कोफ्ता

जहाजावरून सुट्टीला आलेल्या भाच्याने वसईतल्या सांडोर गावच्या स्वयंपाकघरात बोकडाचा खिमा ठेवला आणि जाहीर केलं, आज तुर्की कोफ्ता. आत्याचा हात सवयीने फडताळातल्या काळ्या बाटलीकडे गेला. वसईच्या ईस्ट इंडियन घरांत या बाटलीत उन्हाळ्यात भाजून, कुटून, दाबून भरलेला वर्षाचा मसाला असतो. तिच्याविना केलेलं मटण म्हणजे उपासाच्या शुक्रवारी खाल्लेल्या मटणाइतकंच पाप.

"ठेव ती. यात फक्त मीठ, कांदा आणि चिमूटभर खायचा सोडा."

"आणि मसाला?"

"नाही. बुर्सा प्रांतातल्या इनेग्योलचा कोफ्ता आहे हा. एकोणिसाव्या शतकात बल्गेरियातून घर सोडून आलेल्या माणसाने तो तिथे रुजवला. मसाला नाही, हीच त्याची ऐट."

"घर सोडून आला ना? बिचाऱ्याची बाटली तिकडेच राहिली असेल."

भाच्याने मग इतिहास काढला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली, तेव्हा त्याचा तोफखाना रूमी खान नावाच्या तुर्काकडे होता. १५३८ मध्ये तर सुलेमान पाशाच्या तुर्की आरमाराने दीवच्या किल्ल्याला वेढा घातला.

"वेढ्याचं काय झालं?"

"उठवावा लागला."

"अळणी खाऊन कोण लढणार!"

मळायच्या वेळी मात्र भाचा सरस ठरला. किसलेल्या कांद्याचं पाणी पिळून काढायचं, खिमा हाताला चिकटेपर्यंत मळायचा, काही तास फ्रिजमध्ये ठेवायचा. तिकडे गाईचं आणि मेंढीचं मांस मिसळतात. बोकडाचं कोरडं पडतं, म्हणून आत्याने कुणाला न विचारता थोडी चरबी ढकलली, आणि तीच अक्कल शेवटी कामाला आली. ओल्या हाताने बोटाएवढे लांबट कोफ्ते वळून निखाऱ्यावर ठेवले. उलथन्याने दाबायला सक्त मनाई, रस गळतो.

"कशाशी खायचा?"

कोफ्त्याची अर्धी मजा इथे आहे. इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात १९२० पासून चालणाऱ्या दुकानात बशीशेजारी पियाझ येतो: उकडलेला पांढरा घेवडा, कांदा, व्हिनेगर आणि तेल. सोबत लोणच्यातली हिरवी मिरची, पाव, प्यायला आयरान आणि शेवटी रव्याचा हलवा.

"आयरान?"

"दही, पाणी, मीठ."

"म्हणजे ताक. आणि वर शिरा. एवढ्यासाठी बोटीवर गेलास?"

घेवड्याची जागा वालांनी घेतली. आत्याला पावाऐवजी तळलेले फुगे हवे होते, पण नारळाच्या दुधाने ते गोडसर होतात म्हणून भाचा अडून बसला. तुर्की गाड्यांवर अर्ध्या लांब पावात कोफ्ते, टोमॅटो, कांदा भरून देतात, असं त्याने सांगितलं. आत्याने लादी पाव चिरला, एकेका पावात एकच कोफ्ता घातला आणि बाकीचे झाकून ठेवले.

"हे कुणासाठी? कोण येणार आहे?"

"धूर गावभर गेलाय. कोण येणार नाही ते विचार."