नवऱ्याच्या मागे जाण्याचा भत्ता

ऑस्टिन, टेक्सस

ती. आई-बाबांस,


बाबा, "आता तू रोजगार हमीवर का?" हा तुमचा एका ओळीचा मेसेज मिळाला. त्याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र.

हमीबिमी काही नाही, मला मिळतो तो बेकारी विमा आहे. १९७५ च्या कायद्याने तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, तो रोजगार हमीच्या खर्चासाठीच ना? इथेही बेकारी विम्याचा कर असतो, फक्त कॅलिफोर्नियात तो माझ्या पगारातून न कापता कंपनी भरते. तेव्हा शेजारच्या काकूंना सांगा, अमेरिकेचं सरकार मला दया म्हणून शिधा देत नाहीये.

राहते टेक्ससात, मग पैसे कॅलिफोर्निया का देते? कारण नोकरी तिथे केली. जिथे पगार मिळवला ते राज्य देणार, मग बिऱ्हाड कुठेही हलवा. दर त्यांचा, नियम त्यांचे, घड्याळही त्यांचंच. ते आमच्या दोन तास मागे, त्यामुळे तिथे ऑफिस उघडेपर्यंत माझा कुकर उतरलेला असतो. नोकरी शोधतेय म्हणून नाव मात्र टेक्ससातच नोंदवायचं.

आता खरी गंमत. नोकरी मी आपणहून सोडली, आणि आपणहून सोडणाऱ्याला सहसा काही मिळत नाही. सबळ कारण लागतं. तुमच्या जावयांच्या कंपनीने त्यांना इकडे धाडलं, आणि नवऱ्यामागे किंवा बायकोमागे इतक्या लांब जावं लागणं, की रोजची ये-जा अशक्य, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सबळ कारण धरतात. टेक्ससचा कायदा एवढा मायाळू नाही. फोनवर मुलाखत झाली. बाईंनी गंभीरपणे विचारलं, "सॅन होजेहून ऑस्टिनला रोज ये-जा करता आली नसती का?" अंतर अडीच हजार किलोमीटरच्या वर! मी तितक्याच गंभीरपणे "नाही" म्हटलं. "घरून काम करायची परवानगी मागितली होती?" मागितली होती, नकाराची ईमेलही जपून ठेवली होती. आई, "नवऱ्याच्या मागे मागे काय जातेस?" म्हणून तू रागावली होतीस ना? त्याचेच मला पैसे मिळताहेत.

पैसे म्हणजे आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, फार तर २६ आठवडे. ही कमाल मर्यादा २००५ पासून हललेली नाही. तेवढ्या काळात दुधाचा दर किती वेळा हलला ते आई सांगेल. पहिला आठवडा कोरडाच जातो. मिळालेल्या पैशांतून केंद्राचा कर द्यायचा. कॅलिफोर्निया यावर कर घेत नाही आणि टेक्ससात आयकरच नाही. बाबा, रुपयांत गुणू नका. इथल्या घरभाड्याने भागा.

दर दोन आठवड्यांनी प्रश्नावली भरायची. आजारी होता का? काम शोधलंत का? मिळालेलं नाकारलंत का? काही कमावलंत का? या शेवटच्या प्रश्नाने माझी चकली अडकली. इथल्या दोन मराठी घरांनी माझ्याकडून चकल्या घेतल्या, ६० डॉलर आले. लपवणं गुन्हा, म्हणून लिहिले. त्यातले २५ माफ, उरलेले ३५ भत्त्यातून वजा, त्या आठवड्याला हाती ४१५. भाजणीचा खर्च कुठल्याच रकान्यात बसेना. जावई म्हणाले, "पुढच्या वेळी फुकट वाट." ते स्वतः किती खातात, ते कुठल्या रकान्यात लिहू, असं मी विचारलं. तेव्हापासून गप्प आहेत.

म्हणूनच, आई, गणपतीला येणं जमत नाही. "काम मिळालं तर उद्या हजर होईन," असं मी प्रत्येक प्रश्नावलीत लिहून देते. सांगलीत बसून ते कसं लिहिणार? देशाबाहेर असले तर त्या आठवड्याचे पैसे बंद. तेव्हा गौरींच्या फराळाला माझी वाट पाहू नका. नोकरी लागली तर दिवाळीला रजा मिळणार नाही, न लागली तर कॅलिफोर्निया सोडणार नाही, हे मामांना तुम्हीच समजावून सांगा; मी सांगितलं की ते मला भांडवल देऊन चकल्यांचं दुकान काढायला सांगतात.

बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
चिंगी