घरचा लवाद

माझा पुतण्या पुण्यात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात त्याला 'एडीआर'चा, म्हणजे कोर्टाबाहेर तंटे मिटवण्याचा, पेपर लागला आणि घरात मनसोक्त भांडायची सोय गेली. पेपर सक्तीचा, त्यातून प्रात्यक्षिकाचा. म्हणजे त्याला गप्प बस म्हणायचीही चोरी.

पोराला स्वतःचा असा स्वभाव उरलेला नाही. जे प्रकरण वाचेल तसा वागतो. लवादाचं प्रकरण चालू असताना दादा-वहिनींची पंख्यावरून नेहमीची जुंपली. दादाला पाचवर हवा, वहिनीला दोनवर. हा मांडी ठोकून बसला. "१९९६चा कायदा, कलम १२. माझा डबा आई करते, हे दोन्ही पक्षांना आधीच जाहीर करतो." दादा म्हणाला, "फी बाप भरतो, तेही लिही." मग दीड पानी निवाडा आला, कारणांसकट: पंखा तीनवर. दोघंही भडकली. तर म्हणे, आव्हान द्यायचं तर कलम ३४, मुदत तीन महिने. तोवर थंडीच पडणार, हे दोघांनाही कळत होतं.

मध्यस्थीच्या प्रकरणात स्वारी एकदम मऊ. मध्यस्थानं निर्णय द्यायचा नसतो म्हटल्यावर आमटी अळणी आहे का, यावरही तोंड उघडेना. "तुला काय वाटतं, काका?" त्याच आठवड्यात वरच्या काकूंच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर आलं. यानं काकूंना स्वयंपाकघरात बसवलं, वहिनीला गॅलरीत. दोघींशी वेगवेगळं आणि गुप्त बोलायचं असतं म्हणे. स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडते, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. वहिनीनं तिथूनच उत्तर दिलं, काकूंनी आतून. पाच मिनिटांत ठरलं: काकूंनी सातच्या आत पाणी घालायचं, वहिनीनं धुणं त्यानंतर टाकायचं.

हा रडकुंडीला. "२०२३चा कायदा १२० दिवस देतो, वर ६० वाढवून मिळतात! वहीत काय लिहू मी?" लिहिलं अर्थात 'यशस्वी मध्यस्थी', आणि दोघींच्या सह्याही घेतल्या. हा वकील पुढे उपाशी मरणार नाही.

लोकअदालत मात्र दादाला महागात पडली. "लॅपटॉपचा खर्च निम्मा-निम्मा" यावर त्यानं बेसावधपणे मान डोलावली. तडजोड झाली की अपील नाही, हे नंतर समजलं. पोराच्या निम्म्यातला निम्मा तूर्त उधार आहे.

पुढच्या सत्रात साक्ष्य अधिनियम.

"त्यात काय असतं रे?" वहिनीनं विचारलं.

"पुरावा. उलटतपासणी."

दादानं पेपर खाली ठेवला. "तुमच्या कॉलेजला हॉस्टेल आहे ना?"