तोंडाला फेस येईपर्यंत कोल्हापूर

कोल्हापूरला जाणारी माणसं घरी 'अंबाबाईच्या दर्शनाला जातोय' असं सांगून निघतात. आम्हीही तेच सांगून निघालो. बरोबर मेहुणे होते. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ वेळेपेक्षा चौकशाच जास्त करतं. किती चाललात, किती झोपलात, हृदयाचे ठोके किती पडले, सगळ्याची नोंद ठेवतं.

सकाळी दर्शन झालं आणि बाहेर येऊन मेहुण्यांनी रिक्षावाल्या मामांना विचारलं, "इथं चांगली मिसळ कुठं मिळते हो?" हा प्रश्न कोल्हापुरात भर चौकात विचारू नये. मामा म्हणाले, "चला, उद्यमनगरात सोडतो की!" शेजारच्या पेपरवाल्यानं हातातला गठ्ठा खाली ठेवला. "पाव्हण्यास्नी तिकडं कशाला नेतोयस? बावड्याची खाऊ दे की!" एवढ्यात एका गृहस्थांनी स्कूटर बंद केली. त्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता, पण त्यांच्या गल्लीतही मिसळ होती. आमचं मत कुणी विचारलं नाही, आणि तेच रास्त होतं. शेवटी रिक्षा मामांची असल्यामुळे उद्यमनगर जिंकलं.

मिसळ आली. खाली मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर फरसाण आणि कांदा, आणि हे सगळं बुडेल इतका लालभडक कट. सोबत पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस. "तिखट आहे का?" मेहुण्यांनी दबकत विचारलं. "नाय ओ, आमची बारकी पोरं खात्यात," वाढणारा म्हणाला आणि त्यानं न मागता आणखी कट ओतला. दुसऱ्या घासाला मेहुण्यांच्या कपाळावर घाम आला, तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. चौथ्याला घड्याळ थरथरलं. आपण व्यायाम सुरू केला आहे का, असं ते अदबीनं विचारत होतं. मेहुण्यांनी 'होय' दाबलं आणि पुन्हा कट मागवला.

दुपारच्या जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं थोडंच आठवतं. नारळाचं दूध आणि खसखस घातलेला पांढरा रस्सा वाटीनं प्यायचा, मग तांबडा, मग पुन्हा पांढरा. 'बास' म्हटलं की वाढपी ते आग्रहाचं निमंत्रण समजतो.

संध्याकाळी पोट हलकं करायला पायी निघालो. खासबाग मैदान पाहिलं. शाहू महाराजांनी बांधलेला हा कुस्तीचा आखाडा 1912 सालचा. गावात तालमी, तालमीत पैलवान, आणि पैलवान म्हटलं की दूध आलंच. म्हणून अंधार पडताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पोचलो.

रस्त्याच्या कडेला म्हशी रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढ्यात वैरण, मागे गिऱ्हाइकं. गवळी कास धुऊन उकिडवा बसला आणि त्यानं धार थेट भांड्यात सोडली. आधी चर्र असा कोरडा आवाज येतो, मग दूध वाढेल तसा तो मऊ होत जातो. ग्लास हातात आला तेव्हा अर्धा फेसानं भरलेला होता. आमच्या एका बाजूला कान मोडलेला पैलवान, दुसऱ्या बाजूला शाळकरी मुलगी. दोघांनाही सारख्याच पांढऱ्या मिशा फुटलेल्या.

मेहुण्यांना आरोग्यशास्त्र आठवलं. "दूध जरा गरम करून मिळेल का?"

गवळी मान वर न करता म्हणाला, "पाव्हणं, म्हशीनं गरमच दिलंय."

यावर उत्तर नव्हतं. मेहुण्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि मिश्यांची संख्या एकानं वाढली. दुधाला साखर न घालता गोडी होती आणि म्हशीच्या अंगाची ऊब होती. गवळी आता मात्र मान वर करून बघत होता. पाहुण्याचं तोंड कसं होतंय हे पाहण्याची हौस सकाळी मिसळ वाढणाऱ्यालाही होती, रस्सा वाढणाऱ्यालाही होती. आपल्या गावचा पदार्थ परक्या माणसाला आवडला की या माणसांचा चेहरा असा खुलतो, की खाणाऱ्यालाच आपण काही पराक्रम केल्यासारखं वाटतं. याद्यांमध्ये चांदण्या मोजून हॉटेल निवडणाऱ्याला हा चेहरा दिसत नाही.

तेव्हा कोल्हापूरला जाल तर रिकाम्या पोटी जा. मिसळ कुठली चांगली हे दोघांना तरी विचारा, म्हणजे भांडण फुकटात ऐकायला मिळेल. खिशात मोठा रुमाल ठेवा. आणि जास्तीचा कट मागायला लाजू नका. तिथं न मागणाऱ्यालाच लोक आजारी समजतात.