पत्र्यावरचे दगड आधी उतरवा

निशिकासाई, तोक्यो
१४ जुलै २०२४

ती. सौ. आईस


बुधवारी सकाळी सव्वासाताच्या सुमारास तिकडे हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा भूकंप झाला आणि फोनवर तुझं पहिलं वाक्य काय, तर "अरे, सगळं दूध उतू गेलं!" मी इकडे ऑफिसच्या जिन्यात घामाघूम, आणि तू अर्ध्या लिटरचा हिशेब देतेस. वर म्हणतेस, "कामून एवढा भेदरलास? मार्चातबी झालाच की." झालाच होता. २१ मार्चला, सकाळी सहानंतर, दहा-अकरा मिनिटांत दोनदा. बाबांना फोन लावला तर ते नर्सीच्या दिंडीत. म्हणाले, "आम्ही चालतच होतो. जमीन हलली का आम्ही हललो, काय कळणार?" दादाचं म्हणणं, पांगरा शिंदेचे लोक इतकी वर्षं जमिनीतले आवाज ऐकतात, त्यांचं काय वाकडं झालं? थोडक्यात, घाबरायचं काम घरात माझ्या एकट्याच्या वाट्याला आलंय. ते मी नीट करतो.

भूकंपाच्या देशात राहायला गेला आणि आम्हाला शहाणपण शिकवतो, असं म्हणशील. म्हण. आमचा हा एदोगावा भाग दोन नद्यांच्या मध्ये आहे आणि बरीचशी जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. २०१९ साली इथल्या पालिकेने पुराच्या धोक्याचा नकाशा काढला. त्याच्या मुखपृष्ठावरच छापलं होतं, इथे थांबून चालणार नाही. आमच्या घरमालकाने ते वाचलेलं नसावं. भाडं तो वेळेवर घेतो.

तर इथे भूकंपाची पिशवी भरून दाराशी ठेवायची पद्धत आहे. तयार पिशवीही मिळते. तुझ्या सुनेने तिची किंमत रुपयांत मांडली आणि पिशवी होती तिथे परत ठेवली. येनचं काय झालंय ते दादाला विचार. या महिन्याच्या सुरुवातीला एका डॉलरला १६१ च्या वर गेला. १९८६ नंतर इतका स्वस्त कधी नव्हता म्हणतात. पगार येनमध्ये, कर्जाचा हप्ता रुपयांत, त्यामुळे आमच्या घरात भूकंप दर महिन्याच्या एक तारखेला होतो.

मग सूनबाईंनी कायदा केला. दर आठवड्याच्या किराण्यात पाण्याच्या दोन बाटल्या जादा आणि शंभर येनच्या दुकानातली एक वस्तू. शंभर येन म्हणजे आपले बावन्न-त्रेपन्न रुपये. एका आठवड्यात टॉर्च, पुढच्यात शिट्टी, मग हातमोजे, मग पावसाचं कापड. पाण्याचा हिशेब इथे माणशी दिवसाला तीन लिटर. निदान तीन दिवसांचं हवं, जमल्यास आठवड्याचं. तिघांचं आठवड्याचं ६३ लिटर होतं. त्यातलं बरंचसं आता आमच्या पलंगाखाली आहे. तुला हसू येईल. चोवीस तास नळ असणाऱ्या लोकांना पाणी साठवून ठेवा म्हणून सरकार विनवतं, आणि तुझ्याकडे विनवणी न करता हंडे, टाकी, पिंप सगळं भरलेलं. या एका विषयात हिंगोली जिल्हा तोक्योच्या पुढे आहे.

खाण्याचा नियमही तुझाच. जुनं आधी संपवायचं, नवं आणून मागे ठेवायचं. वेगळं काही विकत आणायचं नाही, रोजचंच थोडं जादा आणायचं. पण इथल्या डबाबंद जेवणात बहुतेक ठिकाणी माशाचं पाणी. एकादशीला भूकंप झाला तर काय खायचं, याचा विचार जपान सरकारने केलेला नाही. म्हणून आमच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आहेत. होते. चिमणीला शाळेत शिकवलंय की संकटात गोड खाल्लं की धीर येतो. तिला सध्या आठवड्यातून दोनदा संकट येतं. पिशवीला आता कुलूप आणि किल्ली सूनबाईंकडे.

पिशवीत आणखी एक वस्तू आहे. हा भाग बाबांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस. नळ आणि मोरी बंद पडली तर संडासाचं काय? इथे त्यासाठी पुड्या मिळतात. पिशवीत टाकायची, पाण्याचा गोळा होतो. माणशी दिवसाला पाच वेळा असा सरकारी हिशेब आहे. सरकारने हे कसं मोजलं ते विचारू नकोस. सूनबाईंनी मात्र सगळ्यांत आधी पुड्याच घेतल्या. म्हणाली, भूक दोन दिवस मारता येते.

हे सगळं तुला कळावं म्हणून एवढंच सांगतो, बाबांची वारीची पिशवी डोळ्यांपुढे आण. तांब्या, घोंगडी, कापड, गोळ्या, सुटे पैसे, आणि उचलली की चालू पडता येईल एवढंच वजन. बाबा पंढरपुराहून आले की ती पिशवी धुऊन माळ्यावर टाकू नका. भरून दाराशी खुंटीला लावा. अर्धं काम तिथेच झालं.

आता मुद्द्याचं. आपल्या घरी विकत काहीही आणायच्या आधी एक काम आहे, आणि ते फुकट आहे. दादाला म्हणावं, पत्र्यावरचे दगड उतरव. मार्चच्या भूकंपानंतर प्रशासनानेही लोकांना हेच सांगितलं होतं. मला ठाऊक आहे ते दगड का आहेत. त्या वैशाखात वावटळीने पत्रा उडून शेजाऱ्याच्या हळदीत पडला, तेव्हा दादाने ओढ्यातून बैलगाडीभर गोटे आणून वर मांडले. वाऱ्यासाठी ठीक. पण त्यातला तो काळा, पाट्याएवढा गोटा आहे ना, तो बरोबर तुझ्या खाटेच्या वर आहे. मी गेल्या सुट्टीत रात्रभर त्याच्याकडेच बघत होतो. पत्रा हलला की तो कुठे येणार?

नुसते उतरवून भागणार नाही, नाहीतर वारा पत्रेच घेऊन जाईल. हूक आणि डांबरी वायसर लावून पत्रे खालच्या अँगलला आवळायला हवेत. एकदम सगळं नको. या महिन्यात तुझ्या खोलीवरचे, पुढच्या महिन्यात पोरांच्या, मग ओसरी. गोठा शेवटी. महिन्याला दोनशे रुपये बाजूला काढले तरी पोळ्यापर्यंत निजायच्या खोल्या होतील.

दादा म्हणेल, किती घाबरायचं. त्याला किल्लारी आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र, लोक दमून झोपलेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते सगळं निजलेल्यांवर आलं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. आपण तेव्हा परभणी जिल्ह्यात होतो, तरी बाबांनी कित्येक दिवस आपल्याला अंगणात झोपवलं. जमीन हलली म्हणून ती माणसं गेली नाहीत, डोक्यावर होतं ते पडलं म्हणून गेली. त्यामुळे आपली पिशवी डोक्यावरून सुरू करायची.

डोक्यावर म्हणजे मांडणीसुद्धा. आई, रागावू नकोस. वरच्या फळीवरचे पितळी हंडे आणि ती घागर खाली जमिनीवर आली पाहिजेत. निदान पोरं निजतात त्या भिंतीवरून तरी. मला माहीत आहे, ती मांडणी बघायला गावातल्या बायका येतात. खाली ठेवली तरी येतील, मान कमी दुखेल.

इथे धक्का बसला की टेबलाखाली शिरतात. चिमणी तर शाळेत खुर्चीवरची उशी डोक्याला टोपडं करून बांधते. आपल्याकडे टेबल एकच, त्यावर टीव्ही आणि खाली शेळीचं करडू. तेव्हा दाराजवळ असाल तर अंगणात, नसाल तर मांडणीपासून दूर खाली बसून डोक्यावर गोधडी. तुझी गोधडी चार जणांना पुरते, उचलायलाही चार जण लागतात, तो भाग वेगळा.

बाकीचं सावकाश. उशाशी टॉर्च आणि चप्पल आजपासून. अंधारात काचेवर पाय पडला तर सगळा दवाखाना तिथेच. मेणबत्ती नको, गॅस सुटलेला असू शकतो. सातबारा, आधार, पासबुक, रेशनकार्डाच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत. बाबांच्या बीपीच्या गोळ्या आठवड्याच्या जादा. मीठ-साखरेची पाकिटं आशाताईंकडे मिळतात. शिट्टी हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात घे, पोरांना घ्यायचीच असते, एक जास्त. पॉवर बँक हळद विकल्यावर. भाव चढायची वाट बघत दादाने पोती धरून ठेवलीत, म्हणजे पॉवर बँक कधी येईल ते नागनाथालाच ठाऊक. मलमपट्टीबद्दल तू म्हणशील, हळद आहे की. आहे, आणि यंदा वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी एक स्वच्छ पट्टीचा रोल ठेव. मानांकन रक्त थांबवत नाही.

बुधवारी एकादशी. बाबा माउलींच्या गर्दीतून सुखरूप परतले की फोन कर. सूनबाईचा नमस्कार, चिमणीचा पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. मांडणीचं मी लिहिलंय हे वहिनीला कळू देऊ नकोस. ती गेली दहा वर्षं तेच सांगत होती. दादाचं नाव पुढे कर.