ट्यूबनाना

सिग्नल सोडून इतर कुठेही लाल दिसलं की नाना थांबतात. लिफ्टमध्ये पुढच्याच्या मानेवर, लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या मनगटावर, एकदा तर वैकुंठ स्मशानभूमीत खांदा देणाऱ्याच्या कानामागे त्यांना चट्टा दिसला होता. चष्मा कपाळावर सरकवायचा, न विचारता समोरच्याची बाही वर करायची आणि निकाल द्यायचा, "उष्णता!"

असे नाना प्रत्येक सोसायटीत असतात. कुठे त्यांना अप्पा म्हणतात, कुठे त्या मावशी असतात. वैद्यकाचं शिक्षण कुणाचंच नसतं, पण नात्यात कुणीतरी औषधांच्या धंद्यात असतं. आमच्या नानांचे साडू औषध कंपनीत होते. अकाउंट्सला.

नानांच्या शास्त्रात जगातली सगळी लाली पोटातून वर येते. अंगावर पित्त उठलं की ते आमसूल चोळायला लावतात आणि घोंगडी पांघरून झोपवतात. आता या पित्ताचा स्वभावच असा की एकेक गांधी बहुधा चोवीस तासांच्या आत आपली आपण विरते. घोंगडीत शिरलेला माणूस सकाळी स्वच्छ अंगानं बाहेर येतो आणि श्रेय नानांना जातं. वैशाखात घोंगडी पांघरल्यामुळे जे घामोळं येतं, त्याचा इलाजही नानांकडेच असतो. डास, सुरवंट, नव्या कापडाची खळ, यांची लालीही थोड्याफार फरकानं अशीच येते आणि जाते. नाना दहातल्या सात वेळा बरोबर ठरतात ते याच जोरावर. माणूस दहातल्या दहा वेळा चुकला तर लोक त्याला बाही वर करू देणार नाहीत.

फक्त पित्ताबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, तर आमसुलाचा डबा हुडकण्यात वेळ घालवायचा नसतो. १०८ फिरवायचा असतो. हे नानांना सांगितलं तर म्हणतात, "आधी आमसूल, मग फोन."

पण आमसूल हा नानांचा जोडधंदा. मुख्य व्यवसाय ट्यूबचा. शेपटाकडून गुंडाळत आणलेली, नाव घासून गेलेली, टोपण हरवल्यामुळे तोंडाला कापसाचा बोळा लावलेली एक ट्यूब त्यांच्या खिशात कायम असते. कधीकाळी कुठल्याशा डॉक्टरनं साडूंना इसबासाठी लिहून दिलेली. तेव्हापासून तिचे अवतार चालू आहेत. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि तगडं स्टेरॉइड असं सगळं एकत्र आहे. नाना म्हणतात, "कुठलं का असेना, एक तरी लागू पडतंच."

आणि पडतं, हीच पंचाईत. स्टेरॉइड सूज दाबतं, खाज थांबवतं, दोन दिवसांत लाली उतरते. जांघेतल्या नायट्यावर लावलं तर माणूस तिसऱ्या दिवशी नानांना पेढे देतो. बुरशी मात्र जिवंत असते आणि विरोध करणारी सूजच गेल्यामुळे निवांत पसरते. नायट्याची ओळख म्हणजे त्याची ठसठशीत गोल कडा, तीही पुसट होते. मग त्वचारोगतज्ज्ञांनाही आधी विचारावं लागतं, "यावर काय काय लावून झालंय?" चेहऱ्यावरची कथा आणखी निराळी. आमच्याकडे एका नवऱ्या मुलीला नानांनी साखरपुड्याआधी ती ट्यूब दिली. चेहरा उजळला, नानांना अहेर झाला. लग्नापर्यंत कातडी इतकी पातळ झाली की खालच्या शिरा दिसायला लागल्या, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पहिल्यापेक्षा लाल. २०१८ साली केंद्र सरकारनं अंगावर लावायची १४ स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नाना कायदा पाळतात. ते विकत नाहीत, फुकट देतात.

स्वतःच्या कपाळावर मात्र त्यांची नजर जात नाही. दर गणपतीला ते केस काळेभोर करतात. रंग लावल्यावर दीडदोन दिवसांनी केसांच्या कडेनं लाल पट्टा उमटतो, कान सुजतात, पापण्या जड होतात. निदान ठरलेलं: मोदकातला गूळ उष्ण! काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची अ‍ॅलर्जी अशीच उशिरानं उठते, पण तोवर मोदक खाऊन झालेले असतात, त्यामुळे आरोप त्यांच्यावर जातो.

नागीण झालेल्याकडे मात्र नाना गंभीर चेहऱ्यानं, गेरूची वाटी घेऊन जातात. तोंड आणि शेपूट मिळालं की खेळ खलास, म्हणून मध्ये गेरूची वेस घालायची. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू, नसेच्या मुळाशी झोपलेला. म्हातारपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेनं चालतो. नस शरीराच्या एकाच बाजूला, त्यामुळे पुरळ बहुधा मध्यरेषेपाशी आपणच थांबतं. गेरूला पुन्हा यश. खरी घाई वेगळीच असते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर सर्वांत चांगलं, आणि कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर डोळ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठायचं. हे तीन दिवस नाना वेस घालण्यात खर्च करतात. नंतर महिनोन्‌महिने कुणी रात्रभर कण्हत बसला तर म्हणतात, "दुखणारच. पण वाचलास की नाही?"

नानांना पहिला धक्का दिला तो त्यांच्याच बायकोनं, काकूंनी. भाजीवाल्या दादांचा पाय दुखत होता, ताप होता, साखर आधीपासूनची. नानांनी पोटरी पाहिली आणि म्हणाले, "लाल कुठाय? काही नाही." दादांचा वर्ण गडद. अशा कातडीवर लाली लाल दिसत नाही. जांभळट, काळपट दिसते किंवा नुसतीच चकचकीत सूज. काकूंनी उलटा हात पोटरीला लावला आणि ओरडल्या, "अहो, पाय भाजतोय की! चष्मा कशाला घालता?" रिक्षा त्यांनीच बोलावली. दवाखान्यात जंतुसंसर्ग निघाला, कातडीखाली पसरत चाललेला. दाखल करून सलाइनमधून अँटिबायोटिक्स सुरू केली आणि डॉक्टरांनी सुजेच्या कडेनं पेनानं रेघ मारली. रेघेबाहेर गेलं तर पसरतंय, आत राहिलं तर उतार आहे.

नानाही सोबत गेले होते. सलाइनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. रेघ मात्र त्यांच्या मनात भरली.

आता सोसायटीत डास चावलेल्या प्रत्येकाच्या हातावर निळं वर्तुळ असतं, शेजारी तारीख, वेळ आणि नानांची सही. परवा चौथीतल्या एका मुलाला बाईंनी विचारलं, "हातावर काय लिहून आणलंयस?"

तो म्हणाला, "रिपोर्ट."