चार झाडं आणि एक ताडपत्री

कॅनडाच्या केंद्र सरकारनं १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर केला आणि प्रत्येक घराला चार झाडं लावायची मुभा दिली. व्हँकुव्हरकडच्या हौशी बागवानाला विचाराल तर तो म्हणेल, मुहूर्त काढणाऱ्याला कायदा येत होता, शेती येत नव्हती. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या मध्यालाच पाऊस मुक्कामाला येतो, आणि परसातल्या गांजाचा फुलोरा काढणीला येतो तोही नेमका तेव्हाच.

त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये तिथं ढग औषधालाही सापडत नाही. उन्हाळ्यात हिरवळीला पाणी घालण्यावर निर्बंध असतात, आणि माणसं पिवळ्या पडलेल्या अंगणाकडे अभिमानानं बघतात. मग एक दिवस आभाळ खाली येतं आणि मार्चपर्यंत बहुधा तिथंच राहतं. व्हँकुव्हरच्या विमानतळावर वर्षाला सरासरी अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईकराला यात काही विशेष वाटणार नाही, कारण २६ जुलै २००५ला सांताक्रूझनं एका दिवसात ९४४ मिलिमीटर पचवला होता. (पचवला नव्हता, पण ते असो.) मुंबईचा पाऊस मात्र येतो, बडवतो आणि दम खायला थांबतो. तिकडचा पाऊस चार-चार दिवस नुसता रेंगाळतो. धड भिजवत नाही आणि वाळूही देत नाही. मधूनच हवाई बेटांकडून बाष्पाचा एक लांबलचक पट्टा थेट किनाऱ्यावर येऊन आदळतो. त्याला तिकडे ‘पायनॅपल एक्स्प्रेस’ म्हणतात. नाव ऐकून मराठी माणूस आधी फलाट क्रमांक विचारील.

झाडाचाही इलाज नाही. रात्र पुरेशी लांबली की फुलायचं, एवढंच त्याला ठाऊक. आपली शेवंतीही याच जातकुळीतली. ज्युलियन तुर्न्वा या फ्रेंच संशोधकानं १९१२च्या सुमारास भांगेच्याच झाडांवर दिवसाच्या लांबीचे प्रयोग केले होते, ते याचसाठी. एकोणपन्नासाव्या अक्षांशावर ऑगस्टमध्ये रात्री पुरेशा लांबतात आणि झाड कळ्या धरतं. त्या भरून यायला पुढे दोनेक महिने लागतात. म्हणजे झाड ऐन भरात आलं की डोक्यावर पाणी.

जुन्या बंगालात ही पंचाईत नव्हती. आज बांगलादेशात असलेल्या नौगावला इंग्रजांच्या देखरेखीखाली गांजाची रीतसर शेती चाले. पाऊस ओसरताना रोपं शेतात जात आणि काढणी फेब्रुवारी-मार्चच्या खणखणीत उन्हात होई. नरझाडं ओळखून उपटायला खास जाणकार बोलावत. इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख चक्क ‘गांजा डॉक्टर’ असा आहे. छप्पर घालणाऱ्या तज्ज्ञाची गरज तिथं पडली नाही.

ती गरज पडते ओल्या, गार हवेत, कारण तिथं बोट्रायटिस सिनेरिया नावाची राखाडी बुरशी दबा धरून असते. ही बाई मोठी पक्षपाती आहे. फ्रान्समध्ये सोतर्नच्या द्राक्षांवर चढली की तिथले लोक तिच्या नावानं महागडी गोड वाइन विकतात. व्हँकुव्हरच्या परसात चढली की सहा महिन्यांच्या मेहनतीचं खत. ती आतून पोखरते. बाहेरून तुरा हिरवागार, टपोरा, चिकट केसरांनी भरलेला दिसतो. त्यातलं एकच बारीक पान मलूल पिवळं पडतं. चिमटीत धरून ओढलं की विरोध न करता हातात येतं. तुरा बोटांनी उकलला की आतला देठ तपकिरी, मऊ, आणि त्याभोवती राखाडी लव. फुंकर मारली तर उडणारी. तुरा जितका भरगच्च, तितका आत ओलावा जास्त वेळ राहतो. ज्याचं झाड सर्वांत देखणं, तोच आधी रडतो.

तेव्हा आच्छादन हवंच, आणि ते दुकानातून आयतं आणायचं तर हौशी माणसाचा स्वाभिमान दुखावतो. शिवाय गराजमध्ये निळी ताडपत्री पडलेली असतेच.

त्या भागात निळी ताडपत्री लाकडाच्या ढिगावर असते, बोटीवर असते, गळक्या छपरावर असते; मग झाडावर का नको? चार खुंट्या, चार गाठी, काम फत्ते. पण निळ्या ताडपत्रीतून ऊन जेमतेम उतरतं आणि झाडाला शेवटच्या पंधरवड्यात तेच हवं असतं. त्यात ताडपत्री मधोमध झोळ धरते. झोळात पाणी साचतं आणि पाण्यानं झोळ वाढतो. दोन मीटर लांब-रुंद कापडावर पाच सेंटिमीटर पाणी साठलं तर ते दोनशे किलो भरतं. हा हिशेब माणूस रात्री तीन वाजता, बाहेर धप्प असा आवाज झाल्यावर करतो. दुसऱ्या दिवशी तो कुंपणाशी केरसुणी घेऊन उभा असतो आणि झोळाला खालून ढोसून पाणी उडवत असतो. ते पाणी कॉलरीतून आत जातं.

मग सुधारणा सुरू होतात. अंगणातली जेवणाच्या टेबलावरची मोठी छत्री झाडावर येते आणि टेबल भिजत राहतं. न्हाणीघरातला पारदर्शक पडदा कड्यांसकट बाहेर निघतो. त्यावर बदकांची चित्रं असली तर बदकांच्या सावलीतली पानं तेवढी उपाशी. जरा इंजिनिअरिंग शिकलेला माणूस जमिनीत सळया ठोकतो, त्यांवर पीव्हीसी पाइप वाकवून कमानी करतो आणि वर जाड पॉलिथिन ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळतो. हे खरं तर उत्तम छप्पर. फक्त वारा आला की त्याचं शीड होतं. त्या किनाऱ्यावर शरदातली वादळं नवी नाहीत. १२ ऑक्टोबर १९६२चं ‘कोलंबस डे’ वादळ अजून सांगितलं जातं. चिमट्यांनी अशा वेळी काय करावं? त्यांची ताकद ती केवढी!

पण झोळ आणि वारा हे दिसणारे शत्रू. खरा घात बाजूंच्या भिंती करतात. ब्रिटिश कोलंबियाचा नियम असा की झाडं सार्वजनिक जागेवरून दिसता कामा नयेत. रस्त्याकडून आडोसा केला की मागची बाजू उघडी बघवत नाही. तीही बंद होते. आता तंबू झाला. आत चार झाडं पानांतून वाफ सोडतात, ती रात्री गार प्लास्टिकला लागते, तिचे थेंब होतात आणि पहाटे ते तुऱ्यांवर टपटपतात. बाहेर पाऊस उघडलेला आणि आत सुरू! भुरी या दुसऱ्या बुरशीला तर पान ओलंही लागत नाही, कोंडलेली दमट हवा पुरते. पाऊस अडवायला जितका जीव टाकावा, तितकी बुरशीची सोय होते. भातलावणीला वाकलेली कोकणातली बाई पाठीवर इरलं घेते, तसं काहीतरी हवं असतं: वरून पक्कं, खालून मोकळं, आणि पाणी मागे ओघळून जाईल असा उतार. पण माणसाला भिंतीशिवाय छप्पर पुरं वाटत नाही. मग तो भिंती तशाच ठेवतो आणि आत पंखा लावतो. काही जण तर पाऊस थांबल्यावर पाचोळा उडवायचं यंत्र आणून झाडांवर वारा घालतात. शेजारी खिडकीतून बघतात. बोलत मात्र नाहीत, कॅनडा आहे.

नाशिककडचं एखादं जोडपं अशा वेळी मुलाकडे राहायला आलेलं असेल तर काय होईल, याची कल्पना करायला हरकत नाही. आई मागच्या दारातून बघतील आणि हरखून म्हणतील, “अगं बाई, अंबाडी! तोडते चार पानं, भाजी करू.” मुलाचा चहा नाकात जाईल. आईंची चूक काही सामान्य नाही. पंजासारखं पान पाहून लिनियसनंही एका अंबाडीला भांगेवरूनच ‘हिबिस्कस कॅनाबिनस’ असं नाव दिलं आहे. खरं झाड कळल्यावर बाबा मात्र खुर्चीत बसतील. त्यांना शिरपूरकडच्या बातम्या आठवतील: कपाशीत आणि तुरीत लपवलेला गांजा, पोलिसांचा छापा, उपटलेल्या झाडांचा ढीग. भारतात १९८५च्या कायद्याखाली विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तिथं आच्छादन असतं ते पोलिसांपासून.

“बाबा, इथं चालतं. चार झाडं. सरकारच देतं परवानगी.”

बाबा पाच मिनिटं काही बोलणार नाहीत. पण अवकाळीनं मणी तडकलेले घड आणि बागेवर प्लास्टिक घालायला एकरी लाखांचा खर्च पाहिलेला हा माणूस; त्याला तंबूकडे पाठ करून बसणं जमायचं नाही. तो उठेल, आत डोकावेल, वरचं प्लास्टिक बोटानं टिचकी मारून पाहील आणि म्हणेल, “वरचा कागद ठीक आहे रे, पण बाजू कशाला बांधल्यास? बाग गुदमरतेय. आणि उतार कुठाय?” पुढचे दोन तास बापलेक मिळून गाठी सोडतील. आई कुणालाही फोनवर काही सांगणार नाहीत.

पाऊस टाळण्याचे दुसरेही मार्ग आहेत. कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट परगण्यात शेतकरी भर उन्हाळ्यात झाडांवर रोज ठरल्या वेळी काळं कापड ओढतात. झाडाला रात्र झाल्याचा भास होतो, ते लवकर फुलतं आणि पावसाआधी घरात येतं. मात्र आठवडेच्या आठवडे संध्याकाळी त्याच वेळी घरी हवं. लग्न, बारसं, सगळं बंद. सर्वांत स्वस्त मार्ग अमेरिकेतल्या व्हँकुव्हरचा. वॉशिंग्टन राज्यातल्या या गावात वैद्यकीय कारणाशिवाय घरी झाड लावायलाच बंदी, त्यामुळे छपराचा खर्च शून्य. कोलंबिया नदीचा पूल ओलांडून पोर्टलंडला गेलं की ऑरेगनच्या कायद्यानं पुन्हा घरटी चार झाडं आणि पुन्हा ताडपत्री.

पाइप, सळया, पॉलिथिन, पंखा आणि मोडलेली छत्री यांची बेरीज कुणी करत नाही. परवानाधारक दुकान गल्लीच्या टोकाला असतं आणि तिथला माल कोरडा असतो. पण ही सगळी छपरं मुळात गांजासाठी जन्मलेलीच नाहीत. त्या किनाऱ्यावर टोमॅटोला पाऊस लागला की करपा झाड आठवड्यात काळं करतो, म्हणून परसात टोमॅटोवर प्लास्टिक ताणायची रीत आधीपासूनची. त्यामुळे बाजू मोकळ्या, उतार नेमका आणि वाऱ्याला पुरून उरणारं असं एक छप्पर बऱ्याचदा घरी आधीच उभं असतं, आणि सप्टेंबरअखेर त्याखाली अर्धे कच्चे टोमॅटो लटकत असतात. त्यांवर हक्क घरधनिणीचा. चार झाडं लावायची परवानगी संसदेनं दिली आहे. ते टोमॅटो उतरवा म्हणायची अजून कुणी दिलेली नाही.