उसनी वाटी

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलची एक वाटी आहे, ती आमची नव्हे. तिच्या काठावर टिंबाटिंबांच्या अक्षरांत शेजारच्या काकूंचं नाव घातलेलं आहे. डोंबिवली पूर्वेच्या चाळीत आमची भिंत एकच, आणि साखर, विरजण, डाळीचं पीठ ही दोन्ही घरांत मिळून एकच असावीत, अशी इकडून तिकडे जात. आजीचा दंडक एवढाच, की वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चार शेंगदाणे, तेही नसले तर कढीपत्त्याची डहाळी.

म्हणूनच, निर्वात पोकळीही रिकामी नसते हे पुढे वाचलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. तिथे म्हणे कण आणि प्रतिकण जोडीनं उगवतात, ऊर्जा उसनी घेतात आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत एकमेकांत विरून फेडूनही टाकतात. हे चित्र समजुतीपुरतं, खरं गणित फार अवघड. पण चाळीत वाढलेल्याला ते गणितावाचून पटतं. घोटाळा होतो कृष्णविवराच्या उंबरठ्यावर. जोडीतला एक आत पडतो, दुसरा बाहेर निसटतो, आणि फेडायला जोडीच उरत नाही. मग ते उसनं कृष्णविवर स्वतःच्या वस्तुमानातून भरतं. स्टीफन हॉकिंग यांनी 1974मध्ये हे सांगितलं, आणि ज्याला सारं जग अधाशी म्हणत होतं तो शेजारी मुकाट्यानं उधारी चुकवत झिजणारा निघाला.

झिजणं मात्र आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाहूनही संथ. सूर्याएवढ्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या दहा कोटी भागांपैकी जेमतेम सहा. भोवतालचं अवकाश 2.7 केल्विनचं, म्हणजे त्याच्या मानानं चांगलंच उबदार. तेव्हा आज ते देतं त्याहून जास्त घेतंच. पुढेमागे विश्व पुरेसं गारठलं, तरी संपायला 1 वर 67 शून्यं एवढी वर्षं अपुरी पडतील.

2001च्या जानेवारीत हॉकिंग कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईत आले होते. डोंबिवलीपर्यंत येते, तर त्यांना वाटी दाखवली असती. त्यांचा पेचही या वाटीसारखाच होता: विवर विरून गेल्यावर आत पडलेल्याची ओळख कुठे जाते? आपल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी 2005मध्ये मार्टिन बोजोवाल्ड यांच्यासह मांडलं, की आतलं टोक हा अवकाशाचा शेवट नव्हे. पलीकडे वाट आहे, आणि ओळख पुसली जात नाही. वाद अजून मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर मी अष्टेकरांच्या बाजूचा. त्याला पुरावा म्हणजे काठावरची ती टिंबं.

चाळ पडली, काकू कल्याणला गेल्या, आजी गेली. कल्याणला जायच्या आदल्या दिवशी काकूंनी याच वाटीतून साखर दिली होती. त्याला आता बरीच वर्षं झाली.

डोंबिवलीनंतर ठाकुर्ली, मग कल्याण. बेसनाचे दोन लाडू वाटीत बरोबर बसतात, मी बसवून पाहिलेत.